शंभरात चार

पिवळा दिवा नको, असं त्या बैठकीत सगळ्यांत ठासून कुणी सांगितलं असेल, तर ते हेमांगी कदमने. कोयनेच्या खोऱ्यातल्या प्रत्येक गावाच्या चौकात एक खांब उभा राहणार होता आणि त्यावर दिवा लागणार होता. जमीन शांत असेल तर हिरवा, मोठ्या धक्क्याचा धोका असेल तर लाल. कुणीतरी सुचवलं की मधे एक पिवळा असू द्या. "पिवळा म्हणजे काय?" हेमांगीने विचारलं होतं. "आम्हाला कळत नाही, तुमचं तुम्ही बघा, असंच ना? मग एवढा खटाटोप केला कशाला?" सगळे हसले आणि पिवळा तिथल्या तिथे बाद झाला.

ती होतीच तशी. पाककृतीत 'मीठ चवीपुरतं' असं लिहिलेलं दिसलं की तिचं डोकं फिरायचं. 'बघू, जमलं तर येतो' म्हणणाऱ्या पाहुण्यांना बोलावणं धाडावंसंच तिला वाटत नसे. लग्नाआधी श्रेयसने "तू मला आवडतेस बहुतेक" असं म्हटलं, तेव्हा 'बहुतेक' काढून ये म्हणून तिने त्याला परत पाठवलं होतं. बिचारा आठवड्याने आला, तो शब्द घरी ठेवून. अशा बाईला नोकरी मिळावी भूकंपाची पूर्वसूचना देण्याची, याला दैवाची थट्टा नाही तर काय म्हणायचं?

पूर्वसूचना द्यायचा तो भूकान. नाव भारदस्त, पण मुळात ती एक काचेची तार. केसाएवढी बारीक, नळीत घालून रस्त्याच्या कडेने जमिनीत पुरलेली, खोऱ्यातल्या प्रत्येक वाडीपर्यंत पोचलेली. इंटरनेट ज्या तारेतून येतं, तसलीच. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात डोळ्यांना न दिसणारे दोष असतात. तारेत लेसरचा झोत सोडला की त्यातला थोडा प्रकाश या दोषांवर आपटून मागे फिरतो. जमीन कणभर ताणली गेली तरी मागे आलेल्या प्रकाशात फरक पडतो, आणि तो मोजता येतो. म्हणजे तारेचा प्रत्येक मीटर हा एक कानच झाला. एसटी गेली, रानडुकराने बांध उकरला, शाळा सुटली, हे सगळं भूकानला ऐकू यायचं. त्या गलक्यातून जमिनीच्या पोटातली कुरकुर तेवढी वेगळी काढायला संगणकाला शिकवलं होतं.

पण कान तिखट असला म्हणून भविष्य कळतं असं नाही. धरणाचं पाणी चढतं, उतरतं, त्याचा दाब खालच्या भेगांमधून झिरपत जातो, खडक एकमेकांवर घासतात आणि लहान लहान धक्के बसतात. कधी कधी अशा धक्क्यांची गर्दी होते. बहुतेक वेळा ती आपोआप पांगते, क्वचित एखादी गर्दी मोठ्या धक्क्याला घेऊन येते. कोणती पांगेल आणि कोणती नाही, हे आधी ओळखायची युक्ती अजून कुणाला सापडलेली नाही. त्यामुळे भूकान फक्त एक आकडा द्यायचा. पुढच्या तीन दिवसांत मोठा धक्का बसण्याची शक्यता एरवी दहा हजारांत एक असे. गर्दीच्या दिवसांत ती शंभरात दोन, तीन, चार होई. शंभरात चार म्हणजे एरवीपेक्षा चारशे पट जास्त. आणि तरीही, शंभरातल्या शहाण्णव वेळा काहीच होत नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

आकडा तीनच्या वर गेला की लाल, असं आधी ठरलं होतं. गेल्या हिवाळ्यात तो गेला. नेमका हेमांगीच्या नणंदेच्या, समृद्धीच्या साखरपुड्याच्या दिवशी. सासरच्या वाघजाईवाडीत भोंगा वाजला, लोक घरं सोडून माळावर जाऊन बसले, कराडहून निघालेली नवऱ्याकडची मंडळी घाटातून माघारी फिरली. धक्का आलाच नाही. चारशे माणसांचा स्वयंपाक गुरांना घालावा लागला. साखरपुडा पुढे उरकला, पण सासूबाई शालनताई त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि सासूने न बोलणं म्हणजे काय असतं हे सुनांना वेगळं सांगायला नको. खोऱ्यात इतकी ओरड झाली की वरच्या समितीने लाल दिव्याची पातळी तीनवरून पाचवर नेली.

आता रविवारी समृद्धीचं लग्न होतं.

शुक्रवारी सकाळी हेमांगी घाणा भरायला वाघजाईवाडीला गेली. बायका जात्याभोवती बसून गाणी म्हणत होत्या. शालनताईंनी तिला आतल्या खोलीतून हळकुंडं आणायला पाठवलं, आणि आत जाताच ती थबकली. सासूबाईंच्या पलंगावर, अगदी उशाच्या वर, नवी कोरी फळी होती, आणि फळीवर तांब्याचे दोन हंडे, पितळी घागर आणि परात ओळीने मांडली होती. दाराला आतून बोटभर जाडीची कडी होती.

तिला लग्नानंतरची पहिली रात्र आठवली. खोलीत जाताना सासूबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "दाराला कडी लावायची न्हाई बरं का. नुसतं लोटायचं." हेमांगीला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मग श्रेयसने समजावलं की सदुसष्टच्या मोठ्या धक्क्यात अडकलेली दारं उघडली नाहीत म्हणून वाडीतली बरीच माणसं आतल्या आत गेली. तेव्हापासून वाडीत कुणी रात्री कडी लावत नाही आणि उशावर जड वस्तू ठेवत नाही. नवं जोडपं असो की पाहुणा कलेक्टर, सगळ्यांना तोच नियम.

हळकुंडं आणून सासूबाईंपुढे ठेवत तिने विचारलं, "आई, आतली ती फळी कधी केली?"

"झाला की महिना. भांडी किती दिस खाली ठेवायची? पाय लागतो येता-जाता."

"आणि कडी?"

"लग्नाचं दागिनं आल्यात घरात." शालनताई हळकुंडं निवडत म्हणाल्या. "समद्यांनीच लावल्यात आता. दिवा हाय की तुझा. हिरवा असला की बिनघोर झोपायचं."

हेमांगीने वळून आतल्या खोलीच्या दाराकडे पुन्हा पाहिलं. हिरवा म्हणजे बिनघोर, असं तिने कधी म्हटलं नव्हतं. पण दुसरं काय म्हटलं होतं? मधला रंग तिनेच काढून टाकला होता, आणि ज्या माणसांनी तीन पिढ्या 'येईल किंवा न येईल' असं म्हणत दारं नुसती लोटून ठेवली, ती तिच्यावर विसंबून कड्या लावून झोपत होती. लग्नसुद्धा पूर्वीसारखं खळ्यावर नव्हतं. नव्या सांस्कृतिक भवनात होतं, जाड स्लॅबखाली, सहाशे माणसांचं.

तेवढ्यात तिचा फोन थरथरला. भूकानच्या केंद्राचा निरोप होता. लहान धक्क्यांची गर्दी सुरू झाली होती. आकडा होता चार.

पाटणला केंद्रात पोचेपर्यंत तिने मनातल्या मनात आकड्याला शंभर शिव्या घातल्या. अडीच असता तर ती गप्प बसली असती. सहा असता तर दिवाच बोलला असता. चार म्हणजे ना धड इकडे, ना धड तिकडे.

केंद्रप्रमुख देवकुळे निवृत्तीला आले होते आणि त्यांना निवृत्त होण्याआधी एकही नवा घोळ नको होता. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "दिवा हिरवा राहणार. नियम तुला पाठ आहेत. तूच लिहिलेत."

"सर, लाल करा असं मी म्हणतच नाहीये."

"मग?"

"आकडा सांगू या. सगळ्या गावांना. आहे तसा."

देवकुळ्यांनी चष्मा काढला. "आणि लोकांनी विचारलं, मग करायचं काय, तर?"

"तर सांगायचं, नक्की आम्हालाही माहीत नाही. तुमचं तुम्ही ठरवा."

"हे तू म्हणतेस?" देवकुळ्यांना आता खरोखरच मजा वाटायला लागली होती. "पिवळा म्हणजे कामचुकारांचा रंग, असं भर बैठकीत कोण म्हणालं होतं?"

"मीच. चुकलं." हेमांगी म्हणाली. मग तिने त्यांना हंड्यांची फळी आणि कडी सांगितली. "सर, आपण त्यांची भीती काढून घेतली आणि त्या जागी दिवा दिला. भीती होती तेव्हा ती माणसं निदान दार उघडं ठेवत होती."

देवकुळ्यांनी चहात बिस्कीट बुडवलं. बिस्कीट अर्धं तुटून कपात पडलं. "आपली दोघांची नोकरी जाण्याची शक्यता शंभरात किती?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, सर."

"'माहीत नाही' म्हणायला शिकलीस की," असं म्हणून त्यांनी सहीचा कागद पुढे ओढला.

शनिवारी सकाळी खोऱ्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला आणि प्रत्येक फोनवर निरोप गेला. 'पुढील तीन दिवसांत मोठ्या धक्क्याची शक्यता शंभरात चार. एरवीपेक्षा बरीच जास्त, तरीही न येण्याची शक्यता अधिक. दिवा हिरवाच राहील. आपापल्या सोयीने काळजी घ्यावी.' हेमांगी वाडीत पोचली तेव्हा भवनाच्या पायऱ्यांवर माणसं जमली होती, आणि पंचाईत अशी की नवऱ्या मुलाचे मामा उत्तमराव बैठकव्यवस्था पाहायला कराडहून नेमके त्याच वेळी आले होते.

"या, मॅडम," उत्तमराव म्हणाले. "हे काय आलंय आमच्या फोनवर? येणार का न्हाई येणार, एक काय ते सांगा."

सगळे तिच्याकडे पाहत होते. श्रेयस, शालनताई, शेजारीपाजारी, आणि हातांवर मेंदी सुकवत दारात उभी असलेली समृद्धी. हेमांगीच्या आयुष्यात परीक्षा पुष्कळ झाल्या, पण उत्तर येत नाही असं उभं राहून सांगायची वेळ कधी आली नव्हती.

"माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही. कुणालाच माहीत नसतं. बहुधा येणार नाही. पण आला तर सहाशे माणसं स्लॅबखाली असतील."

"मागच्या खेपेलाबी न्हाईच आला," मागून कुणीतरी बोललं.

"नाही आला. या वेळीही आला नाही तर मला आनंदच आहे."

समृद्धीचे डोळे भरले. "वहिनी, तुमचा तो भूकान बरा माझ्याच कार्याला जागा होतो," ती म्हणाली. "वर्षभर झोपलेला असतो मेला. आता लग्नबी पुढं ढकलायचं का?"

हे हेमांगीच्या वर्मी लागलं. पोरीचं काही चुकत नव्हतं. आणखी एकदा कार्य मोडलं तर नवऱ्याकडची मंडळी काय म्हणतील, सोयरीक टिकेल का, हा घोर घरात प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होता. "ढकल असं मी म्हणत नाही," ती नणंदेला म्हणाली. "लाव किंवा मोड, असं दोनच प्रकारचं उत्तर द्यायची मला सवय होती. आज तसं उत्तर माझ्याकडे नाही. माझ्यापुरतं विचारशील तर लग्नाला मी येणार, नाचणार, जेवणार. पण भवनात बसणार नाही."

कुजबुज वाढली. भवनाचं आरक्षण, एसी, सजावट, उन्हाचा कडाका, सगळं एकदम बाहेर निघालं. मग उत्तमराव पायरीवरून उठले. कराडात त्यांचा वाहनविम्याचा धंदा होता, तीस वर्षांचा.

"शंभरात चार म्हंजे तुम्हाला कमी वाटतंय का?" ते जमलेल्यांना म्हणाले. "आमच्या धंद्यात शंभर गाड्यांत चार ठोकणार असं कळलं, तर आम्ही गाडीवाल्याला गाडी काढू नको म्हणत न्हाई. पण हप्ता भरून घेतल्याशिवाय रस्त्यावर सोडतबी न्हाई." त्यांनी भवनाच्या स्लॅबकडे एकदा मान वर करून पाहिलं. "लग्न उद्याच. मुहूर्त तोच. खळ्यावर कापडाचा मांडव घाला. उन्हात बसायचं, हाच आपला हप्ता."

"तुमच्याकडची माणसं चालवून घेतील?" शालनताईंनी हळूच विचारलं.

"कुरकुरतील की," उत्तमराव म्हणाले. "कुरकुरल्याशिवाय वरपक्ष कसला?"

त्या एका वाक्याने हवा बदलली. पोरं बांबू आणायला पळाली. आचाऱ्याने चुली तशाही उघड्यावरच मांडल्या होत्या, त्याला कशाचंच सोयरसुतक नव्हतं. संध्याकाळी हळदीच्या गडबडीत हेमांगी आतल्या खोलीत गेली, तर शालनताई पलंगावर उभ्या राहून हंडे खाली काढत होत्या. हेमांगीने हात पुढे केले आणि ती एकेक भांडं घेत गेली.

रविवारी ऊन रणरणत होतं. मांडवाचं कापड वाऱ्याने फडफडत होतं, वरणात थोडी धूळ गेली, नवऱ्याच्या आत्याच्या तोंडावरचा रंग ओघळला आणि त्यावरून तिने मन भरून कुरकुर केली. पण खळं मोठं होतं. भवनात मावली नसती इतकी माणसं आली, लहान मुलं मोकाट धावली, म्हाताऱ्या माणसांनी आंब्याखाली बाजा टाकून घेतल्या. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा हेमांगीने फोन पाहिला. आकडा चारच होता. तिने फोन कमरेला खोचला आणि मूठभर अक्षता घेतल्या.

तिला बरं वाटत होतं, आणि त्याचं तिचं तिलाच नवल वाटत होतं. उत्तर मिळालं नव्हतं. काय होईल ते होईल असं म्हणून हात झटकणं वेगळं, आणि काय होईल हे माहीत नाही म्हणून मांडव बाहेर घालणं वेगळं. हा फरक तिला पस्तिसाव्या वर्षी, डोक्यावर ऊन घेत कळत होता. श्रेयसने तिच्या कानाशी लागून विचारलं, "खूश दिसतेस?"

"बहुतेक," ती म्हणाली. श्रेयसने दचकून तिच्याकडे पाहिलं.

दुसरी पंगत बसली होती आणि जिलेबी फिरत होती, तेव्हा जमीन हलली. आधी खालून गुरगुर आली, मग ताटं खणखणली, पातेल्यातल्या पाकाला लाटा आल्या, मांडवाचे बांबू डुलले. एक बाई ओरडली. तेवढ्यात थांबलंही. चार श्वासांचा खेळ.

हेमांगीने फोन काढला. धक्का मध्यम होता. मोठ्यात मोडणारा नव्हता. खळ्यावरची सगळी डोकी तिच्याकडे वळली.

"हाच होता का?" उत्तमरावांनी विचारलं.

"माहीत नाही," हेमांगी म्हणाली. "हाच असेल. किंवा याच्या मागून दुसरा असेल."

कुणी रागावलं नाही. दोघं-तिघं जाऊन भवन पाहून आले. "भिंतीचा टवकाबी उडाला न्हाई," त्यांनी सांगितलं.

"म्हंजे आत बसलो असतो तरी चाललं असतं," उत्तमराव म्हणाले.

"चाललं असतं."

"माझा सदरा घामानं वाया गेला तो गेलाच." त्यांनी पान पुढे ओढलं. "जाऊ द्या. हप्ता भरला की अपघात झाला न्हाई म्हणून कुणी रडतं का? वाढा."

आणि मग चौकातला भोंगा वाजला. धक्क्यानंतर भूकानने पुन्हा हिशेब केला होता आणि आकडा सातवर गेला होता. खांबावरचा दिवा भर दुपारी लालभडक झाला. लोक अर्धवट उठले. दिव्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं. सगळे उघड्यावरच होते. धावून जायचं कुठे? कुणीतरी खुदकन हसलं, मग ते हसू पंगतीभर पसरलं, आणि माणसं एकेक करून परत मांडी घालून बसली.

फोनवर देवकुळे होते. "लाल लागलाय. तुमच्याकडे काय स्थिती?"

"दुसरी पंगत चालू आहे, सर. खळ्यावर."

"बऱ्याच गावांत लोक आधीपासून बाहेरच आहेत. एका ठिकाणी आत होते, तेही निघाले. कुणाला लागलेलं नाही." मग त्यांनी विचारलं, "मोठा येईल असं वाटतं का गं?"

"काही सांगता येत नाही."

"मलाही नाही," देवकुळे म्हणाले, आणि दोघांनाही बरं वाटलं.

समृद्धी मुंडावळ्या सावरत आली आणि वहिनीच्या शेजारी टेकली. "मग आज आम्ही निघायचं की थांबायचं?"

"निघा. पण रात्री उघड्यावर झोपा. नव्या नवरीला लाज वाटेल, पण झोपा."

"सासूला काय सांगू?"

"मामांना सांगायला लाव. ते विम्याच्या भाषेत सांगतील."

समृद्धी हसली. कालचं रडू तिच्या तोंडावर कुठेच नव्हतं. ती उठून गेली तशा शालनताई जिलेबीची परात घेऊन पंगतीतून वाढत वाढत हेमांगीपाशी आल्या. त्यांनी दोन जिलेब्या वाढल्या. मग तिसरी हातात धरून तशाच वाकून उभ्या राहिल्या.

"साखरपुड्याच्या टायमाला," त्या म्हणाल्या, "असंच सांगितलं असतंस, का मलाबी म्हाईत न्हाई, तरी चाललं असतं गं. आम्ही काय परकं हुतो?"

त्या दिवसाबद्दल त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. हेमांगीला हुंदका आला आणि तो तिने गिळलाही नाही. "तेव्हा मला सांगता येत नव्हतं, आई," ती म्हणाली.

शालनताईंनी तिसरी जिलेबी तिच्या पानात ठेवली, पदराने तिचे डोळे पुसले, आणि लाल दिव्याकडे पाठ करून परात घेऊन पुढच्या पानाकडे सरकल्या.